आधी पाणी गेलं, की आधी गाडी तापली?

जुन्या जीपच्या मालकाकडे बहुधा बिलांची एक जाडजूड पिशवी असते. दिवाळीला रेडिएटर नवा टाकला. होळीच्या सुमारास वॉटर पंप बदलला. मृगाच्या आधी वरचा होज पाइप फुटला म्हणून दोन्ही पाइप नवे घातले. आणि आता भर श्रावणात वरंधा घाटात अर्ध्यावर पुन्हा बॉनेटखालून वाफ. दर खेपेला मिस्त्रीने जे गळत होतं ते बदललं, काम चोख केलं, पैसेही वाजवी घेतले. तरी गाडीचं दुखणं जिथल्या तिथे. अशा गाडीत गळणारी जागा हा आजार नसतोच. पाण्याच्या मार्गात दाब वाढला की ज्या जोडात सगळ्यांत कमी जीव उरलाय तो आधी सुटतो. तो नवा केला की पाळी त्याच्या शेजाऱ्याची. दाब का वाढतोय, हे मात्र कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून पाना हातात घेण्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते. पाणी गेलं म्हणून गाडी तापली, की गाडी तापली म्हणून पाणी गेलं? पहिल्या प्रकारात कुठेतरी भोक आहे आणि ते बुजवलं की काम संपतं. दुसऱ्या प्रकारात भोक हा परिणाम आहे, आणि कितीही भोकं बुजवली तरी पुढचं तयारच असतं. वर सांगितलेली बिलांची पिशवी जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रकाराची असते.

समोर एखादी गाडी ठेवून बोललेलं बरं. महिंद्राची एमएम ५४० घेऊ. ऐंशीच्या दशकातली ही जीप, प्यूजोच्या २११२ सीसीच्या डिझेल इंजिनाची, आजही कोकणात, मावळात, सह्याद्रीच्या आडवाटांवर दिसते. भरल्या गाडीने घाट चढताना असं इंजिन ताशी आठ लिटर डिझेल खातंय असं धरा. एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॉट-तास ऊर्जा असते. म्हणजे त्या घडीला ८० किलोवॉट उष्णता जळतेय. तिचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, साधारण तेवढीच सायलेन्सरमधून निघून जाते, आणि चौथाई-एक पाण्याच्या वाट्याला येते. म्हणजे सुमारे २० किलोवॉट. घरातले दोन किलोवॉटचे दहा गिझर एकाच वेळी दहा-बारा लिटर पाण्यात सोडावेत, तशी ही स्थिती. उष्णता बाहेर जाणं पुरतं थांबलं, तर इंजिनाच्या लोखंडाने आपला वाटा शोषूनही तीनेक मिनिटांत पाणी उकळीला येईल. काटा ‘अचानक’ वर गेला असं चालक सांगतो तेव्हा तो अतिशयोक्ती करत नसतो.

हमरस्त्यावर ताशी ६० च्या वेगाने वारा फुकट मिळतो. दगडगोट्यांच्या वाटेवर पहिल्या गिअरमध्ये ताशी सात-आठच्या वेगाने चढताना वारा फक्त पंखा देतो, आणि पंखा इंजिनाच्या फेऱ्यांनी फिरतो. म्हणूनच चढ अवघड असेल तेव्हा ट्रान्सफर केसचा लो गिअर टाकणं हे केवळ ताकदीसाठी नसतं. लोमध्ये त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या जास्त, म्हणून पंखा आणि वॉटर पंप दोन्ही जोरात. उलट ‘डिझेल वाचतं’ म्हणून वरच्या गिअरमध्ये इंजिन घोगऱ्या आवाजात ओढत नेणारा चालक, जळण तेवढंच घालत असतो आणि थंडावा मात्र निम्मा करत असतो. काही जीप एवढी एक सवय बदलल्यावर तापायच्या थांबतात. हे कोणी ऐकून घेत नाही, कारण यात कोणताच पार्ट बदलावा लागत नाही.

आता दाबाचं. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग साधारण ०.९ बारचा दाब धरून ठेवते, तेव्हा तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकोल असेल तर त्याहूनही सहा-सात अंश वर. झाकण हे नुसतं बूच नाही. त्यात दोन झडपा असतात. एक दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की जादा पाणी बाटलीत सोडते. दुसरी, इंजिन थंड होताना आत पोकळी झाली की तेच पाणी बाटलीतून परत ओढून घेते. पहिलीचं रबर कडक झालं की झाकण दाब धरत नाही आणि इंजिन पूर्ण निरोगी असूनही पाणी लवकर उकळतं. दुसरी अडकली की सकाळी वरचा पाइप पिळल्यासारखा चपटा दिसतो. लडाखला जीप घेऊन जाणाऱ्या मंडळींनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. खारदुंग ला ५३५९ मीटरवर आहे. तिथे उघड्यावर पाणी ८३ अंशांच्या आतबाहेर उकळतं. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडायला लागतो. झाकण मेलेलं आणि रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल, तर थर्मोस्टॅट डोळे उघडतो न उघडतो तोच पाण्याला उकळी. अशा गाडीचा रेडिएटर बदलून काही होणार नाही. नवं झाकण घाला, तेही गाडीच्या मापाचं. जास्त दाबाचं झाकण ‘सेफ्टी म्हणून’ घालणं हा दुसरा उद्योग. त्याने जुने जोड आणखी लवकर सुटतात.

तपासणीची वेळ सकाळची. रात्रभर थांबलेली गाडी जेवढं बोलते तेवढं तापलेली बोलत नाही. गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवावा आणि सकाळी ओल कुठे आहे ते बघावं. काही जोड फक्त थंडीत गळतात: रबर आकसतं, जुन्या क्लिपची पकड सैल पडते, चार थेंब पडतात, आणि इंजिन तापलं की रबर फुगून जागा बंद होते. गॅरेजात गाडी दुपारी पोचते, तोवर सगळं कोरडं. डाग वाळल्यावरही कूलंटचा रंग मागे राहतो. हिरवट, गुलाबी किंवा पांढरट खडूसारखी कड जिथे दिसेल तिथे कधी ना कधी पाणी झिरपलंय. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी तिथून बाहेर यावं म्हणून. त्या छिद्राखाली ओघळ दिसला तर पंपाचे दिवस भरले. पंखा हाताने पुढेमागे हलवून पाहिला आणि तो डुगडुगला तरी तेच. इंजिन ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल चकत्या ठोकून बसवलेल्या असतात, त्या कोअर प्लगकडे कोणी बघत नाही. वर्षानुवर्षं साधं पाणी भरलेल्या इंजिनात त्या आतून गंजत येतात, आणि एखादी स्टार्टरच्या किंवा मॅनिफोल्डच्या मागे असली तर ठिबकणारं पाणी तापलेल्या लोखंडावर पडून वाफ होऊन जातं. खाली थेंबसुद्धा दिसत नाही.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर हातपंप. रेडिएटरच्या तोंडावर बसणारा, घड्याळ असलेला छोटा पंप बऱ्याच गॅरेजांत असतो, निदान असायला हवा. थंड इंजिनात झाकणाच्या दाबाइतकी हवा भरायची आणि पंधरा-वीस मिनिटं काटा पाहायचा. काटा उतरला आणि बाहेर ओल सापडली, तर प्रश्न सुटला. काटा उतरला आणि बाहेर सगळं कोरडं, तर पाणी इंजिनाच्या आत जातंय. काटा तिथेच राहिला तर मात्र घाई करू नये. बाहेरून भरलेला ०.९ बारचा दाब जी भेग उघडू शकत नाही, ती भेग घाटात आतून उघडते. त्याकडे पुढे येऊ.

ऑफ-रोड गाडीची एक खास खोड इथेच सांगून टाकतो. रेडिएटर पुन्हा पुन्हा एकाच कोपऱ्यात चिरत असेल, तर कारागिराची झाळ कच्ची नसते. खडकांवर एक चाक वर, एक चाक खाली असताना चासी पिळवटते. रेडिएटरखालची रबरं शाबूत असतील तर तो पीळ रबरात जिरतो. ती चुरा झाली असतील किंवा कोणी काढून थेट बोल्ट आवळले असतील, तर तोच पीळ रेडिएटरच्या टाकीत जातो. इंजिनाचं माउंटिंग फाटलं असेल तर इंजिन चढावर मागे झुकतं आणि होज पाइप ताणला जातो. चार रबरी बुश बदलून जे थांबतं त्यासाठी लोक तीन-तीन रेडिएटर घालतात.

हवेची बाजू तपासायला अवजार लागत नाही. गाडी हमरस्त्यावर बरी आणि सावकाश वाटेवर तापते, असं असेल तर संशय आधी हवेवर घ्यावा. कातळपठारांवरून पावसाळ्यानंतर गाडी फिरली की गवताची कुसळं रेडिएटरच्या जाळीत शिरतात. कोकणातला तांबडा चिखल त्यावर बसतो आणि वाळला की वीट होते. मागून एसी बसवलेला असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या सापटीत हा सगळा ऐवज साठतो, पुढून बघणाऱ्याला दोन्ही लखलखीत दिसतात. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे घाण आली तशी परत जाते. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली तर ॲल्युमिनियमच्या पाकळ्या आडव्या होतात आणि उरलीसुरली हवाही बंद. मग पंख्याभोवतीचं कव्हर: एखाद्या अपघातानंतर ते तुटलं, ‘नसलं तरी चालतं’ म्हणून परत बसवलंच नाही, अशी गोष्ट निम्म्या जुन्या जिपांची असेल. कव्हर नसलं की पंखा आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो, आणि बरीचशी मागचीच गरम हवा घुसळत बसतो. पुढच्या बाजूला विंच, चार जादा दिवे, रुंद बंपर, वर मंडळाच्या नावाची पाटी. दिसायला झकास, पण हे सगळं रेडिएटरच्या तोंडावर धरलेलं आहे.

याच्या उलट, गाडी सावकाश ठीक चालते पण हमरस्त्यावर ८० च्या पुढे तापत जाते, तर वाऱ्याला दोष देता येत नाही. तिथे पाणी वाहत नाहीये. खालचा पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. त्याच्या आतली तारेची स्प्रिंग गंजून गेली असेल तर इंजिनाच्या फेऱ्या वाढल्यावर तो आत चिकटतो. उभ्या गाडीत कोणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगून पाहिलं की कळतं. तो ठीक असेल तर रेडिएटरच्या नळ्या बुजल्या आहेत.

आणि त्या बुजतात कशाने, तर बहुतेक वेळा विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याने. दख्खनच्या काळ्या दगडातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. पाणी तापलं की त्याचा थर नळ्यांच्या आतून आणि सिलिंडरभोवतीच्या पोकळीत बसतो. बिडाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता अशा थराच्या वीसपट तरी असते, त्यामुळे मिलिमीटरभर थरही कांबळं पांघरल्यासारखा वागतो. पाणी थंड असूनही सिलिंडरच्या डोक्याशी धातू भाजत राहतो. तांबे-पितळेच्या जुन्या रेडिएटरची टाकी झाळ सोडवून काढता येते आणि नळ्यांतून सळया घालून रॉडिंग करता येतं. ते काम जाणणारा कारागीर तालुक्याच्या गावी अजून सापडतो. प्लॅस्टिकच्या टाक्यांचे नवे ॲल्युमिनियम रेडिएटर मात्र असे उघडून साफ करणं सहसा परवडत नाही, ते बदलावे लागतात. ब्लॉकमधला थर निघायला कठीण. म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट पहिल्यापासून घालणं हाच उपाय. आपल्याकडे बर्फ पडत नाही तर कूलंट कशाला, असं विचारणारे भेटतात. गोठण्यापासून वाचवणं हे त्याचं एक काम. गंज रोखणारी रसायनं आणि वाढलेला उत्कलनबिंदू ही आपल्या कामाची. नुसतं ग्लायकोल भरणंही बरोबर नाही, कारण ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं. आणि रंगावरून कूलंट ओळखू नये. हिरव्यात हिरवं ओतलं म्हणून जात एकच असेल असं नाही, दोन जातींचं मिश्रण कधी कधी चिकट गाळ करतं. चव गोडसर असते आणि ते विषारी आहे. कुत्री ते चाटतात, म्हणून काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका.

थर्मोस्टॅटबद्दल आपल्या गॅरेजांमध्ये एक जुनी समजूत आहे: तापते का, काढून टाक. आत मेणाची कुपी असते, मेण वितळून फुगलं की झडप उघडते, एवढं साधं ते यंत्र. बिघडलं असेल तर नवं घालावं. पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर आणि दोरीला टांगलेला थर्मोस्टॅट घेऊन तो कितीला उघडतो हे चुलीवर तपासता येतं. काढून टाकला तर इंजिन हिवाळ्याच्या सकाळी धड तापतच नाही, डिझेल नीट जळत नाही, तेल लवकर खराब होतं. शिवाय काही इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो. तो नसला की बरंच पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी उलट जास्त तापते. या प्रकाराचं स्पष्टीकरण मात्र चुकीचं दिलं जातं: ‘पाणी एवढं जोरात पळतं की त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही’. असं होत नाही. प्रवाह वाढला की उष्णतेची देवाणघेवाण वाढतेच.

हे सगळं निस्तरूनही गाडी घाटात तापते, बाटली भरून वाहते, सकाळी रेडिएटर दोन लिटर रिकामा असतो, आणि बाहेर कुठे थेंब नाही. आता हेड गॅस्केटकडे वळायचं. डिझेल इंजिनात जळणाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब साठ-सत्तर बार किंवा त्याहून अधिक जातो. शेजारच्या पाण्याच्या वाटेत ०.९ बार. दोघांच्या मध्ये गॅस्केटची एक कड. ती केसाएवढी जरी जळाली असली, तरी प्रत्येक स्फोटाला थोडा वायू पाण्यात ढकलला जातो. तो वायू वर चढतो, रेडिएटरच्या तोंडाशी साठतो, झाकणाची झडप उघडतो आणि पाणी बाटलीत हाकलतो. इंजिन थंड झाल्यावर पाणी परत यायला हवं, पण आत पोकळीच होत नाही, कारण जागा वायूने अडवलेली. पुढच्या चढाला पाणी आणखी कमी. मधल्या काळात जो पाइप, जी क्लिप, जी झाळ कच्ची असेल ती या दाबाने सुटते. दिवाळीचा रेडिएटर, होळीचा पंप, मृगाचा पाइप यांच्यामागे बहुधा हाच एक दाब असतो.

आणि तो गॅरेजात पकडला जात नाही, कारण उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो. तासभर रिकामी चालवली तरी काटा मध्यावर. मिस्त्री म्हणतो गाडी ठीक आहे, मालक म्हणतो घाटात तापते, आणि दोघेही खरं बोलत असतात. यावर माझ्या मते सगळ्यांत उपयोगी साधन म्हणजे वरच्या पाइपला जोडलेलं एक दाबाचं घड्याळ, लांब नळीने चालकाच्या समोर आणलेलं. पाणी तापत गेलं तसा दाब हळूहळू वाढणं स्वाभाविक आहे. पण पाणी तापायच्या आधीच, ॲक्सिलरेटर दाबला की दाब उसळतोय आणि सोडल्यावर उतरत नाही, असं दिसलं तर तो वाफेचा नव्हे, सिलिंडरमधल्या वायूचा दाब आहे. घड्याळ नसेल तर हाताने: गार इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दीड मिनिटात वरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल तर पाण्याला दोष देता येत नाही, ते अजून कोमटही झालेलं नाही. किंवा गार इंजिनाचा फॅन बेल्ट काढून, रेडिएटर काठोकाठ भरून, झाकण उघडं ठेवून मिनिटभर इंजिन चालवावं. पंप थांबलेला असल्याने पाणी हलत नाही आणि बुडबुडे उठले तर स्पष्ट दिसतात. रसायनाचीही चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. कार्बन डायऑक्साइड असेल तर तो द्रव हिरवट-पिवळा होतो. डिझेलमध्ये रंग पेट्रोलइतका उघड बदलत नाही, त्यामुळे हलक्याशा हिरव्या छटेकडेही लक्ष द्यावं, आणि चाचणी चढ चढून आल्याबरोबर करावी.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की लगेच ‘गॅस्केट उडालं’ असा निकाल देणारे आहेत. पावसाळ्यात चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही तशी साय धरते. डिपस्टिकवरचं तेलही दुधाळ असेल, पातळी वाढली असेल, तर गोष्ट वेगळी. दुसरीकडे गॅस्केट फक्त सिलिंडर आणि पाणी यांच्यामध्ये जळालं असेल तर तेल शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, आणि तेल स्वच्छ आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात. सकाळी स्टार्टर अर्ध्या फेरीत ठक करून थांबला तर मात्र पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

हेड उघडल्यावर गॅस्केटच्या जळक्या खुणेइतकंच हेडच्या पृष्ठभागाकडे पाहावं. सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाक मोजायचा; बहुतेक लहान इंजिनांत मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड असलेल्या इंजिनांत हा वाक लवकर येतो, कारण ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास दुप्पट पसरतं आणि बोल्ट त्याला जागेवर धरून ठेवतात. फेसिंग करून हेड सपाट होतं. पण झडपांच्या बैठकांमधली बारीक भेग फेसिंगने जात नाही. तिच्यासाठी हेडच्या पाण्याच्या वाटा बंद करून, हवा भरून, गरम पाण्याच्या हौदात बुडवून बुडबुडे पाहावे लागतात. नुसतं गॅस्केट बदलून हेड परत चढवणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं बिल आजच फाडून ठेवणं. डिझेलसाठी गॅस्केट बऱ्याचदा दोन-तीन जाडींत मिळतं, पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून जाडी ठरते. जुन्या गॅस्केटवरच्या खाचा किंवा छिद्रं मोजल्याशिवाय ते फेकू नये.

एक संशयित उरतो, तो विजेचा. जादा दिवे, विंच, म्युझिक सिस्टिम यांची अर्थिंग जिथे सुचेल तिथे ठोकलेली असते. अर्थिंग कच्ची असेल तर वीज परत जायला कूलंटची वाट धरते आणि रेडिएटरचा धातू आतून खात सुटते. नव्या रेडिएटरला काही महिन्यांत सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावून लाल तार धातूला न टेकवता कूलंटमध्ये बुडवावी. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, ०.३ च्या वर असेल तर एकेक उपकरण चालू-बंद करून चोर शोधावा.

वाटेतच तापली तर काय? गाडीच्या काट्यावर एका बाबतीत विश्वास ठेवू नये. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणी निघून गेलं आणि सेन्सर रिकाम्या पोकळीत उघडा पडला की काटा खाली येतो, चालकाला हायसं वाटतं, आणि खरं नुकसान पुढच्या दोन किलोमीटरांत होतं. तापत-तापत काटा एकदम उतरला तर गाडी लगेच बंद करावी. पाणी शाबूत असून नुसतं तापमान चढत असेल तर मात्र सावलीला उभं राहून इंजिन थोड्या जास्त फेऱ्यांवर चालू ठेवलेलं बरं, पंखा आणि पंप फिरत राहतात. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर उन्हाळ्यात कोणाचे तरी हात भाजतात. दाबाखाली ११०-११५ अंशांवर शांत असलेलं पाणी झाकण निघताच उसळतं. पाण्याची वाफ झाली की तिचा आकार सोळाशेपट होतो. आणि भाजलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्याने हेडला भेग पडते.

हळदीबद्दल सांगायलाच हवं. रेडिएटरला बारीक भोक पडलं की मुठभर हळद आत टाकायची, हा ट्रकवाल्यांचा जुना इलाज. चालतो. हळदीचा चोथा फुगून भोकात अडकतो आणि गाडी गावापर्यंत येते. दुकानातल्या स्टॉप-लीक पावडरीही हेच करतात. पण त्या चोथ्याला गळणारं भोक कोणतं आणि थर्मोस्टॅटची फट कोणती हे कळत नाही. हळद टाकून घरी आलात तर दुसऱ्या दिवशी सगळं पाणी काढून मार्ग धुवावाच लागतो. ते राहून जातं, आणि दोन महिन्यांनी गाडी बुजलेल्या नळ्यांमुळे तापते.

दुरुस्तीनंतर लगेच पुन्हा तापणाऱ्या गाड्यांमध्ये मोठा वाटा हवेच्या बुडबुड्याचा असतो. भरताना गाडीचं तोंड चढाकडे करावं, म्हणजे रेडिएटर सगळ्यांत वर येतो. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल ठेवावा, आणि थर्मोस्टॅट उघडून वरचा पाइप गरम होईपर्यंत पाणी हळूहळू घालत राहावं. त्यानंतरच्या पंधरवड्यात रोज सकाळी बाटलीवरची खूण पाहावी. पहिल्या दोन-तीन दिवशी पातळी थोडी उतरते, उरलेली हवा निघत असते. त्यानंतरही उतरत राहिली तर काम संपलेलं नाही. ज्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये हेडचे बोल्ट ठरावीक किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला सांगितलेत, तिथे ते टॉर्क रेंचने आणि मधून बाहेरच्या क्रमानेच आवळायचे. अंदाजाने आवळलेलं हेड पुढच्या घाटात परत बोलतं.

हेडला भेग निघाली आणि नवं मिळत नसेल तर जुनं शोधावं लागतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या पार्टांच्या बाजारात अशी हेडं मिळतात. पैसे देण्याआधी ते प्रेशर टेस्ट करून घ्यावं, आणि दुकानदार टेस्टला तयार नसेल तर पुढच्या दुकानात जावं. भेग असलेलं हेड धुऊन-पुसून फळीवर ठेवलं की चांगल्या हेडसारखंच दिसतं.